एकेचाळीस नंबरचा मिस्त्री

९ जानेवारी

मामा,

आधी वाकून नमस्कार, मग बातमी, आणि बातमी ऐकून तू जे नाक मुरडशील त्याबद्दल आगाऊ भांडण. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं "बरं, बरं" करतोस आणि फोन ठेवल्यावर मामीला विचारतोस, ठमी काय म्हणत होती. पत्र मात्र तू दोनदा वाचतोस. मामीने फितूर होऊन सांगितलंय मला.

तर बातमी. माझी योजना मंजूर झाली! दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर धूळ खात फिरणारी फाईल परवा सही होऊन खाली आली. यापुढे पालिकेच्या वसाहतींमधल्या प्रत्येक मिस्त्रीचं, वायरमनचं काम मोजलं जाणार. भाडेकरूने तक्रार केली की ती त्या माणसाच्या फोनवर, त्याच्या यादीत जाणार. सात दिवसांत त्याने ती बंद करायची, झालेल्या कामाचा फोटो टाकायचा. लगेच भाडेकरूला निरोप जाणार की तुमचं काम झालं. किती बंद केल्या, किती उघड्या राहिल्या, यावर दर महिन्याला गुण. आणि यादीत नावं नाहीत, फक्त नंबर. कोण कोणाचा मेहुणा, कोण साहेबांच्या मर्जीतला, वर बसून कोणाला काही कळणार नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकले हो. कॉलेजच्या प्रवेशासाठी तुझ्या इंजिनियरसाहेबांची चिठ्ठी मागितली तर तीन दिवस बोलला नव्हतास माझ्याशी.

पहिला प्रयोग तुमच्या शहरात, याच महिन्यापासून. तीन महिने तळाला राहील त्याला नोटीस, आणि तरी सुधारला नाही तर घरी. कठोर वाटतं ना? मग हे वाच. माझ्यासमोर एका बाईचं पत्र आहे. तिच्या संडासाला अकरा महिने दार नव्हतं. घरात म्हातारा सासरा, दोन वयात आलेल्या मुली, आणि दाराच्या जागी चादर. तुमच्या विभागाचा माणूस चार वेळा आला, बघून गेला, "साहेबांच्या कानावर घालतो" म्हणाला. मला रडू नाही आलं मामा, त्याला शोधून एक ठेवून द्यावीशी वाटली.

तुझी मला काळजी नाही. तुझं काम मोजायला बसलेला माणूसच दमेल. मामीचा हात कसा आहे? खरं लिही, माझ्या समाधानापुरतं नको.

तुझी,
ठमी


२१ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद भरपूर, त्यात हात आखडता नाही. पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं, आणि पाचव्यांदा मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, नवव्या वर्षी माझ्या पदराला धरून या क्वार्टरमध्ये आलेली पोर आता आख्ख्या शहराच्या मिस्त्रींना वठणीवर आणणार. मग जरा रडली. तिचं रडणं हल्ली अर्ध्याच चेहऱ्यावर दिसतं, त्याची सवय मला अजून होत नाही. उजवा हात रुसलेलाच आहे. डाव्याने चहा स्वतः ढवळते आता. तळमजला आहे म्हणून भिंतीला धरून दारापर्यंत येते आणि बसते जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करत. माझे चौदा महिने उरले. नोकरी पुरी केली की हीच क्वार्टर आम्हाला हयातभर, असा नियम आहे. तेवढं झालं की मी सुटलो.

आम्हाला नंबर मिळाले. माझा कितवा ते विचारू नकोस, सांगायचा नाही असा तुझाच हुकूम आहे. आमच्यातल्या टकाटकची तर चैन झाली. त्याचं खरं नाव आता त्याची बायकोसुद्धा विसरली असेल. कामाला गेला की दहा मिनिटांत परत, "झालं, टकाटक!" गेली वीस वर्षं नुसत्या पाट्या टाकतोय. फोनवरची बटणं मात्र त्यालाच पहिल्यांदा जमली. मी चष्मा शोधण्यातच निम्मा वेळ घालवतो.

आता एक शंका. हसू नकोस. तुला ठाऊक आहे, मी नळाला गेलो तरी घर सगळं बघतो. भाडेकरू सगळं सांगत नाही गं. त्याला वाटतं, नळाचं सांगितलंय तेवढं झालं तरी पुष्कळ. म्हणून जे दिसेल ते मी लिहून आणतो, पूर्वी वहीत, आता फोनवर, माझ्याच यादीत. परवा तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत त्यांच्याकडे गेलो. बाई आणि त्यांची बहिरी आई, दोघीच. तक्रार बेसिनची. वायसर बदलला, झालं. पण गॅलरीत डोकावलो तर कठड्याचे खालचे दोन पाय गंजून पार कागद झालेले. हात लावला तर कठडा हलला! बाई रोज त्यावर पोट टेकून वाकून कपडे वाळत घालते. मी सुतळीने तो कोपरा बांधून टाकला, इकडे फिरकायचं नाही म्हणून दम दिला आणि तक्रार लिहिली. आता कठडा म्हणजे वेल्डर, वेल्डर म्हणजे ठेकेदार, ठेकेदार म्हणजे साहेबांची मंजुरी. सात दिवसांत कसलं होतंय.

मग जो बघून लिहितो त्याची यादी फुगणार आणि जो नळाशिवाय मान वर करत नाही त्याची स्वच्छ राहणार, असं नाही ना होणार? शिवाय नळ केला की मी एक दिवस पाणी वाहू देतो, दुसऱ्या दिवशी हात फिरवून बघतो, मगच झालं म्हणतो. ते कसं धरायचं? तू हे सगळं आधीच बघून ठेवलं असशील म्हणा. मी आपला मिस्त्री माणूस.

मामा


२ मार्च

मामा,

उशिराबद्दल कान पकडते. दोन महिने नुसते आकडे खाते आहे.

तुझ्या शंकेचं आधी. अरे, स्वतःच्या यादीत स्वतःच तक्रारी कोण टाकून घेईल? तुझ्यासारखा एखादा. आणि एखाद्यासाठी नियम करता येत नाही, नियम शंभरांसाठी करावा लागतो. इथे साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, जो जास्त लिहितो त्याने जास्त करून दाखवावं. मला पटलं.

आणि मामा, योजना चालते आहे! पहिल्या महिन्यात जेवढ्या तक्रारी बंद झाल्या तेवढ्या गेल्या वर्षी सहा महिन्यांत झाल्या नव्हत्या. तुमच्याकडे एक एकावन्न नंबर आहे, हिरा माणूस. दुसऱ्या दिवसाच्या वर एकही तक्रार ठेवत नाही. आणि दुसऱ्या टोकाला एक एकेचाळीस नंबर. काय सांगू तुला! एकशे सतरा तक्रारी उघड्या. साधा वायसर बदलायचा तर या महाशयांना दोन दिवस लागतात. मी त्याचा तक्ताच काढून भिंतीला लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, की बघा, आपले लोक घरात अंधार आणि ओल घेऊन का जगतात. मला खात्री आहे, तो चादरीच्या दारवाला हाच. तुझ्या ओळखीचा असेल तर त्याला माझ्यातर्फे एक सणसणीत शिवी दे. माझ्या तोंडून शोभत नाही.

तुझे गुण मला कळणार नाहीत, आणि कळायला नकोतच. पण वरच्या पाचांत असशील, पैज लावते.

ठमी


१५ मार्च

ठमे,

शिवी पोचवली. बिचारा मुकाट्याने ऐकून घेत होता.

मामीला ते तेवढं वाचून दाखवलं नाही. कामचुकार लोकांचं ऐकलं की तिचा रक्तदाब चढतो.

इकडे एक गंमत झाली. मला भांडारात बसवलंय. वय झालं, शिड्या झेपत नाहीत, असं साहेबांच्या मनात आलं. दिवसभर खुर्चीत बसून वायसर आणि पाइप मोजून देतो. म्हणजे तुझ्या यादीतून मी बाहेर. माझ्या गुणांवर पैज लावलीस ती मोडली म्हणायची.

एक विचारतो, असंच आपलं. इथे सगळे तर्क लढवतात म्हणून. त्या एकेचाळीसचं पुढे काय होणार? समज, त्याच्याही काही अडचणी असतील. समज, वर मंजुऱ्या अडकल्या असतील. वरून कोणी विचारतं का त्याला, की बाबा, तुझं काय म्हणणं आहे? आणि नोकरी गेली तर त्याची क्वार्टरही जाते की तेवढी राहते? मी भांडारात असल्यामुळे मला नियम ठाऊक नाहीत.

तू जेवतेस ना वेळेवर? गेल्या खेपेच्या फोटोत गाल बसलेले दिसले. ठमी नाव मी उगाच ठेवलं नव्हतं, त्याची लाज राख.

मामा


४ एप्रिल

मामा,

तू भांडारात गेलास हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. या वयात गंजलेल्या शिड्यांवर चढून तू कुठेतरी लटकलेला असायचास आणि मी इथे बसून घाबरायची. आता आरामात राहा, मामीजवळ जास्त थांब.

तुझं मन किती मऊ आहे रे! त्या एकेचाळीसचीही तुला कणव. तर ऐक. तिसराही महिना तळाला काढला त्याने. आता उघड्या तक्रारी एकशे बेचाळीस. नोटिशीचा मसुदा मीच केला. "तीस दिवसांत यादीतील सर्व तक्रारी निकाली काढाव्यात, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल." सर्व, हा शब्द मी मुद्दाम घातलाय. क्वार्टरही जाते, अर्थातच. त्याचं म्हणणं कोण ऐकणार? म्हणणी ऐकत बसलो म्हणूनच इतकी वर्षं ही दशा झाली. मंजुरी अडकली हे कारण तर प्रत्येकाच्या खिशात असतं.

तुला मी निर्दय वाटते का? त्या चादरीचं आठवलं की मला काही वाटेनासं होतं.

ठमी


१० जून

मामा,

दोन महिने पत्र नाही, फोन केला तर "बरं, बरं." रागावलास का? राग असेल तर बाजूला ठेव आणि हे वाच.

एकेचाळीस नंबर पहिला आला! तुमच्या शहरात पहिला! एकशे बेचाळीस तक्रारी त्याने तीस दिवसांच्या आत बंद केल्या, सगळ्या फोटोंसकट. मे महिन्यात त्याच्या यादीत एकही उघडी तक्रार नाही. मी तो जुना तक्ता काढून त्याच्या शेजारी नवा लावला. साहेब दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माणसं वाईट नसतात, त्यांना धाक लागतो." एरवी मला हे वाक्य आवडलं नसतं, पण त्या दिवशी आवडलं. कारण मी त्याला काढायला निघाले होते आणि त्याने मला खोटं पाडलं. कोणी खोटं पाडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्याला प्रशस्तिपत्रक द्यायचं ठरलंय, आणि ते द्यायला मी स्वतः येतेय, अठ्ठावीसला. दोन दिवस क्वार्टरमध्येच राहीन. मामीला सांग, जमिनीवर झोपेन, काही करू नका. मला त्या माणसाशी हात मिळवायचाय आणि विचारायचंय, कसं जमवलंस रे बाबा? तू ओळख करून देशील ना?

ठमी


१९ जून

ठमे,

प्रशस्तिपत्रक आणू नकोस. एकेचाळीस नंबर मी आहे.

भांडार वगैरे सगळी थाप. मी एक दिवसही भांडारात बसलो नाही. तुझ्या भिंतीवर मी लागलोय हे तुला कळलं तर तू नियम वाकवशील किंवा नोकरी सोडशील, आणि मला दोन्ही नको होतं. शिवाय लाज वाटली. तू "हाच तो चादरीच्या दारवाला" लिहिलं होतंस. मी नाही गं तो. पण ते कुठल्या तोंडाने सांगणार होतो.

आता पुढचं नीट वाच. आईच्या मागे तुला वाढवताना मी तुझ्यापासून काही लपवलं नाही, हे एवढं सोडून.

नोटीस आली तेव्हा माझ्या यादीत एकशे बेचाळीस होत्या. त्यातल्या भाडेकरूंनी केलेल्या फक्त एकोणीस. बाकी सगळ्या मी बघून लिहिलेल्या. एकोणीस मी आठवड्यात केल्या. उरलेल्यांना वेल्डर हवा, गवंडी हवा, मंजुरी हवी. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, तुम्हाला कोणी सांगितलं होतं लिहायला? कचेरीच्या बाकावर जाऊन बसलो. टकाटक शेजारी येऊन बसला. माणूस वाईट नाही तो. म्हणाला, काका, काकूंना घेऊन कुठे जाल? आणि माझ्या हातातून फोन घेऊन त्याने मला दाखवलं कसं करतात. फोटो कुठलाही चालतो. नळाला कुठलाही नळ, दाराला कुठलंही दार. वरून कोणी बघत नाही.

मी चार दिवसांत सगळ्या बंद केल्या, ठमे. एकशे तेवीस.

शिवणवाल्या बाईंच्या कठड्याला फोटो हवा होता. त्यांच्या खालच्या मजल्यावरचा कठडा चांगला आहे. मी त्या घरी गेलो, पाणी मागितलं, गॅलरीतून फोटो काढला आणि वरच्या तक्रारीला लावून टाकला. मनाशी म्हटलं, सुतळी बांधलेली आहे, बाईला बजावलेलं आहे, माझं डोकं वर निघालं की स्वतः पदरमोड करून वेल्डर नेईन.

बाईला निरोप गेला. "आपल्या गॅलरीच्या कठड्याचे काम पूर्ण झाले आहे." तुझाच नियम आहे तो, चांगला नियम आहे. ती शिवलेले कपडे पोचवायला दुपारची बाहेर असायची. तिला वाटलं, आपण नसताना मिस्त्री येऊन काम करून गेले. शेजारणीला म्हणालीही, मिस्त्रीकाकांनी केलंय म्हणजे बघायला नको. आणि तिने सुतळी सोडली.

बारा तारखेला सकाळी चादर वाळत घालताना कठड्यासकट खाली गेली. लगेच गेली, असं म्हणतात. मी पोचलो तेव्हा आई वर दारात उभी होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. ती लेकीला हाका मारत होती.

अजून एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. साहेबांची मंजुरी आली होती. एप्रिलच्या शेवटीच. वेल्डर बावीस मेला येणार होता. पण यादीत तक्रार बंद दिसली म्हणून ठेकेदाराने ते काम वगळलं. मी नुसता गप्प बसलो असतो, काही न करता, तर ती आज जिवंत असती.

चौकशी तुझ्याच कचेरीतून होणार असं कळतं. माझा जबाब सोबत आहे, सही करून. भाची म्हणून वाचू नकोस. लाव तो फाईलला. मामीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, सांगून टाका, मग बघू कुठे राहायचं ते. पण योजनेचंही लिही, ठमे. मी एकटाच असा नाही. सगळ्या यादीत दुसऱ्यांचे नळ आणि दुसऱ्यांची दारं आहेत.

मामा


२ ऑगस्ट

मामा,

सहा आठवडे मी तुला पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. फोनवर तर तू मलाच समजावत होतास.

तुला पत्र पोचायच्या आत आदेश पोचेल, म्हणून आधी तेच. तुला काढलंय. एका महिन्यात क्वार्टर रिकामी करायची आहे. मी थांबवू शकले नाही.

मी अहवाल तेवीस पानांचा लिहिला होता. तुमच्या शहरातले चारशे फोटो मी एकेक करून बघितले, जे मी जानेवारीतच बघायला हवे होते. एकच हिरवं दार एकतीस तक्रारींना लावलंय. माझ्या हिऱ्याने, एकावन्न नंबरने. मी लिहिलं की जो बघतो तो तळाला जातो आणि जो बघत नाही तो वर येतो, असं आम्ही करून ठेवलं. लिहिलं की एका कर्मचाऱ्याने हे जानेवारीतच विचारलं होतं आणि मी त्याची बोळवण केली. तुझी ती शंका, तुझ्याच शब्दांत, तारखेसकट घातली. तू माझा मामा आहेस हेही पहिल्याच पानावर लिहिलं.

साहेबांनी अहवाल चार दिवस ठेवून घेतला. परत आला तो तीन पानांचा. नातं आहे म्हणून माझी मतं वगळली, म्हणाले, आणि तसं करण्यात तुमचंच भलं आहे. उरलं काय? तुझा जबाब. तो पूर्ण ठेवलाय, एक अक्षर न बदलता. त्याच्याखाली एक ओळ, "सदर दुर्घटना वैयक्तिक हलगर्जीमुळे घडली असून कर्मचाऱ्याने ती मान्य केली आहे." तू खरं लिहिलंस म्हणून त्यांचं काम सोपं झालं, मामा. तू नाकबूल केलं असतंस तर त्यांना फोटो बघावे लागले असते.

योजना पुढच्या महिन्यापासून आणखी अकरा शहरांत जातेय. एक सुधारणा केलीय. आता मिस्त्रीला स्वतः तक्रार नोंदवता येणार नाही. ते बटणच काढून टाकलं.

मी राजीनामा दिला. साहेबांनी हसून घेतला. माझ्या टेबलावर दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी बसलं, आणि भिंतीवरचे दोन तक्ते तसेच आहेत. तुझे तक्ते. तळाचा आणि पहिला.

मला माझंच वाक्य रोज आठवतं, एखाद्यासाठी नियम करता येत नाही. मी कोणाला लिहीत होते ते मला ठाऊक होतं रे. साधा वायसर बदलायला दोन दिवस घेणारा माणूस जगात मी एकच बघितलाय, त्याच्याच घरात वाढले, आणि तरी मला ओळखू आला नाही. माझ्यावर रागाव. "तू हुशार" असलं काही लिहू नकोस.

इकडे या दोघं. माझं घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण मी दुसरं बघते आहे. या.

ठमी


१७ सप्टेंबर

ठमे,

रागावलो नाही. रागावायला अंगात जोर लागतो.

तुझ्याकडे येत नाही, निदान इतक्यात नाही. मामी म्हणते, पोरीची नोकरी गेली, वर आपलं ओझं नको. एक खोली घेतलीय, पहिल्या मजल्यावर. तळमजल्याची मिळाली नाही. चौदा पायऱ्या आहेत. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून मामीला वर नेलं. त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. खिडकी मागच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे चौकशी करायला कोणी दिसत नाही तिला. गेले काही दिवस बोलतेही कमी. परवा म्हणाली, मला आता डाव्या हाताचाही कंटाळा आला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तुला लिहायचं होतं ते वेगळंच. मी त्या घरी जाऊन आलो.

तिथे अजून कठडा नव्हता. तीन महिने नुसती उघडी कड आणि ती म्हातारी. घर लेकीच्या नावावर होतं. तक्रार भाडेकरूनेच करायची आणि भाडेकरू तर गेली, म्हणून तिची तक्रार कोणी घेत नाही. मी ओळखीच्या वेल्डरला घेऊन गेलो. साधे गज, पण पाय चांगले खोल बसवले, सिमेंट स्वतः भरलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन अंगाचा सगळा भार टाकून बघितला. हलत नाही.

म्हातारीने बसवून घेतलं, चहा केला. शिवणयंत्रावर एक झबलं तसंच अर्धवट होतं. तिने मला ओळखलं होतं. ती म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही रिटायर झालात आणि आमची दशा झाली. तुमच्या जागी जो कोणी आला त्या मेल्याने न येताच फोनवर काम झालं म्हणून लिहिलं. माझी लेक तुमचं नाव घेऊन निर्धास्त राहिली. तुम्ही असतात तर हे झालं नसतं. हो ना?"

तिला किती कमी ऐकू येतं ते तुला लिहिलंच होतं. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, दोन-दोन, तीन-तीनदा. जिन्यात सगळं ऐकू गेलं असतं, पण त्याचं मला काही नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं. ती कान पुढे करून, माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

मी हो म्हणालो, ठमे. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मामा